ईस्टर सोमवारी फेअरीहाऊसला: आयरिश ग्रँड नॅशनलच्या दिवशी पैसे कशावर लावावेत?

लिफीकाठ

नमस्कार. येत्या ईस्टर सोमवारी ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर डब्लिनजवळच्या फेअरीहाऊस रेसकोर्सवर जाण्याचे ठरले आहे. त्या दिवसाचे मुख्य आकर्षण अर्थातच आयरिश ग्रँड नॅशनल. तीन मैल पाच फर्लांगांचे अंतर, सगळे उड्या मारत पार करायचे, आणि मैदानात तीसपर्यंत घोडे. तिच्या आगेमागे आणखी काही शर्यती असतात. महालक्ष्मीला सपाट शर्यती पाहिलेल्या असल्यामुळे विन (घोडा पहिला येणे) आणि प्लेस (पहिल्या काही जागांत येणे) मला कळते, परंतु अडथळ्यांच्या शर्यतींचे गणित अगदीच वेगळे दिसते. सध्या जेवणाच्या सुट्टीत जो भेटेल तो टीप देतो, आणि दोघांची टीप एक निघाली असे अजून झालेले नाही.

पन्नास युरो वेगळे काढले आहेत; ते बुडाले तरी चालतील. माझा विचार असा की बाकीच्या शर्यती नुसत्या पाहाव्यात आणि सगळी रक्कम नॅशनलवर लावावी, कारण तीस घोड्यांच्या शर्यतीत भाव भरपूर मिळतो. हे बरोबर आहे का? आणि कोणी टीप दिली तर ती पारखायची कशी? घोड्यांची नावे नकोत, पारखण्याची रीत हवी आहे.

मीथकर

मी याच परगण्यात राहतो आणि फेअरीहाऊसला बऱ्याचदा जातो. तुमचा बेत नेमका उलटा करावा, असे मी सुचवेन. भाव मोठा मिळतो याचा अर्थ सौदा चांगला आहे असा होत नाही. घोडा जिंकण्याची शक्यता त्या भावाहूनही कमी असेल, तर ५०/१ (म्हणजे एका युरोवर पन्नास नफा) देखील महागच पडतो.

दिवसाचे कार्ड हातात आले की प्रथम शर्यतींच्या जाती ओळखा. हर्डल म्हणजे बुटके, पाय लागला तर वाकणारे अडथळे. चेस म्हणजे उंच आणि घट्ट बांधलेली कुंपणे, जिथे उडी चुकली की घोडा तरी खाली येतो किंवा निदान जॉकी तरी. बंपर ही एकही अडथळा नसलेली, पुढे उड्यांकडे वळणार असलेल्या नवख्या घोड्यांची शर्यत. ती बहुधा दिवसाच्या अखेरीस असते आणि तिच्यात पुष्कळदा हौशी जॉकी दिसतात.

पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद म्हणजे हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून सगळ्यांना बरोबरीत आणणारी शर्यत) आणि बिगरहँडिकॅप. बिगरहँडिकॅप शर्यतीत सरस घोडा सरसच राहतो, म्हणून तिथे विली मलिन्स यांच्या तबेल्यातला एखादा घोडा ४/९ भावाने उभा असतो. हे गृहस्थ २००७-०८ च्या हंगामापासून आयर्लंडच्या ट्रेनरांमध्ये अव्वल स्थान धरून बसले आहेत, त्यामुळे तो घोडा जिंकण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. पण दहा युरो लावून नफा मिळतो ४.४४ युरो, आणि अशा तेरा घोड्यांपैकी नऊ जिंकले तरच तुम्ही बरोबरीत सुटता. म्हणून अशा शर्यती डोळे भरून पाहाव्यात आणि खिसा बंद ठेवावा. पैसे खेळवण्याची जागा म्हणजे मधल्या हँडिकॅप शर्यती, बारा ते अठरा घोड्यांच्या, जिथे अभ्यासाला थोडा तरी वाव असतो. नॅशनलवर गंमत म्हणून पाच-दहा युरो ठीक आहेत.

पर्वतीपायथा

माझी रीत फार सोपी आहे. ऑफिसात ज्याने टीप दिली, त्याने स्वतः त्या घोड्यावर किती लावले ते विचारायचे. बहुतेक टिपा तिथेच गळून पडतात.

सुलभा_हिशोबनीस

पर्वतीपायथा यांची कसोटी विनोदी असली तरी वाईट नाही. मी तिला एक जोड देते: टीप कोणत्या भावाला दिली होती ते विचारा. सकाळी १४/१ असताना दिलेली टीप दुपारी ७/१ झाल्यावर तीच टीप राहत नाही. घोडा तोच असतो, सौदा बदललेला असतो. १४/१ म्हणजे पंधरात एकदा जिंकला तरी बरोबरी. ७/१ म्हणजे आठात एकदा जिंकलाच पाहिजे. टीप देणारा भाव सांगत नसेल, तर त्याने फक्त आवडते नाव सांगितले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट ईच-वेची, म्हणजे अर्धे पैसे विनवर आणि अर्धे प्लेसवर. "पाच युरो ईच-वे" म्हटले की दहा युरो जातात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. सर्वसाधारण नियम असा की सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये पहिल्या चार जागांना भावाच्या एक चतुर्थांशाने पैसे मिळतात. तुमचा २०/१ चा घोडा तिसरा आला, तर विनचे पाच गेले, प्लेसचे पाच युरो ५/१ ने पंचवीस कमावून परत आले. हातात तीस, म्हणजे निव्वळ वीस युरो फायदा. नॅशनलसाठी अनेक बुकमेकर पाच किंवा सहा जागा देऊ करतात, पण तेव्हा बहुधा चतुर्थांशाऐवजी पंचमांश देतात. हे फळ्यावर लिहिलेले असते. पैसे देण्याआधी वाचावे.

यातला खरा सापळा वेगळाच आहे. सोळा घोडे जाहीर झाले आणि ऐन वेळी एक मागे घेतला, तर उरलेल्या पंधरांत चारऐवजी तीनच जागा धरल्या जातात. त्यामुळे सकाळी नेमके सोळा घोडे असलेल्या शर्यतीत ईच-वे लावताना मी हात आखडता घेते.

जुना_टर्फी

मी पुण्याचा. आमच्याकडे उड्यांच्या शर्यती नाहीत, परंतु मुलगी कॉर्कला असल्यामुळे दोन्ही प्रकार पाहण्यात आले. मीथकर यांचे बहुतांश म्हणणे पटते, मात्र नॅशनलला त्यांनी फारच हलक्यात काढले आहे.

हँडिकॅप म्हणजे काय ते आधी पाहा. जितका घोडा चांगला, तितके त्याच्या पाठीवर वजन अधिक, जेणेकरून कागदावर तरी सगळे एका रेषेत यावेत. याचे टोक पाहायचे तर आर्कल या घोड्याकडे पाहावे. तो इतर सर्वांच्या इतका पुढे होता की आयरिश अधिकाऱ्यांनी वजनांच्या दोन याद्या करण्याची व्यवस्था आणली: एक आर्कल धावणार असेल तर, दुसरी तो नसेल तर. तरीही १९६४ ची आयरिश ग्रँड नॅशनल त्याने जिंकली, फक्त घोड्याच्या सव्वा लांबीच्या फरकाने. इतक्या मोठ्या घोड्याला वजनाने तिथवर खेचून आणले, यावरून हँडिकॅपरचे, म्हणजे वजने ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे, काम किती परिणामकारक असते ते कळावे.

आता यातली फट कुठे आहे? हँडिकॅपर झालेल्या शर्यतींवरून वजन ठरवतो. जो घोडा चेस प्रकारात नवखा आहे, पहिल्याच हंगामात आहे, त्याची पुरती ओळख हँडिकॅपरला झालेली नसते. २०१७ चा अवर ड्यूक, २०१९ चा बरोज सेंट, २०२३ चा आय अ‍ॅम मॅक्सिमस, २०२४ चा इंटेन्स रॅफल्स आणि २०२५ चा हेटी कुलर्स हे पाचही विजेते चेसमधले नॉव्हिस होते. पूर्वी अनुभवी, मुरलेला घोडाच इथे घ्यावा असे सांगितले जाई. ते आता आंधळेपणाने मानू नये. सुधारत चाललेला, लांब अंतर निभावेल असे वाटणारा नॉव्हिस शोधा, आणि नॅशनलमध्येही अभ्यासाला जागा आहे हे दिसेल.

काळा_घोडा

सगळे इतके गंभीर का आहेत? २०२१ साली फ्रीव्हीलिन डिलन १५०/१ ने जिंकला. दोन युरो लावणाऱ्याला तीनशे दोन परत मिळाले. त्या दिवशी तुमचे नॉव्हिस आणि तुमची वजने कुठे होती?

जुना_टर्फी

@काळा_घोडा, तो अपवाद होता म्हणूनच तुम्हाला तो आठवतो. या शर्यतीच्या १८७० पासूनच्या इतिहासात त्याहून मोठ्या भावाचा विजेता नाही. मी वर दिलेल्या नावांपैकी अवर ड्यूक आणि बरोज सेंट तर फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचे घोडे, म्हणून जिंकले.

मीथकर

दोघांच्याही बाजूने थोडे बोलतो. मोठ्या भावाचे विजेते अगदीच विरळ नाहीत: २०१२ ला लायन ना बर्नाई ३३/१, २०१३ ला लिबर्टी काउन्सेल ५०/१, आणि डिलनच्या पुढच्याच वर्षी लॉर्ड लॅरिएट ४०/१. गमतीची गोष्ट अशी की डिलन आणि लॅरिएट या दोघांचेही ट्रेनर एकच, डर्मट मॅक्लॉफ्लिन, आणि ते याच भागातले. डिलन ज्या पद्धतीने जिंकला तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो सुरुवातीपासून पुढे राहिला. तीस घोड्यांच्या गर्दीत पुढे धावणाऱ्याला समोरचे कुंपण स्वच्छ दिसते. मागच्यांना पुढच्याच्या शेपटीआडून उडीचा अंदाज बांधावा लागतो, आणि कोणी पडला तर त्याला चुकवावे लागते. त्यामुळे मोठ्या भावाचा घोडा घ्यायचाच असेल, तर निदान पुढे धावणारा आणि उडीला पक्का असा घ्यावा. नाव आवडले म्हणून घेतलेला नको.

तबेला पाहून टीप घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. मलिन्स इतके वर्चस्व गाजवत असूनही त्यांना ही शर्यत पहिल्यांदा जिंकायला २०१९ उजाडले. दुसरे ट्रेनर गॉर्डन एलियट यांनी २०१८ साली तीसपैकी तेरा घोडे एकट्याने उतरवले होते. त्यातला जनरल प्रिन्सिपल २०/१ भावाने जिंकला. म्हणजे "एलियट यांचा घोडा घ्या" ही टीप बरोबर ठरली, पण तेरांतला कोणता, हे ती टीप सांगत नव्हती.

अंजनीसूत

फॉर्मच्या आकड्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कार्डावर घोड्याच्या नावापुढे १३पी-२एफ४ अशी ओळ असते. उजवीकडचा आकडा सर्वांत अलीकडचा. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी घसरून पडला, पी म्हणजे शर्यत अर्धवट सोडून जॉकीने घोडा थांबवला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यामुळे हा आडवा झाला. आडवी रेघ म्हणजे मधे हंगाम बदलला. नवखा माणूस पी पाहून घोडा खोडतो आणि एफ पाहून घाबरतो. माझ्या मते दोन्ही घाईचे आहे. शेवटच्या कुंपणावर आघाडीवर असताना पडलेला घोडा आणि पहिल्याच कुंपणावर पडलेला घोडा यांचा एफ सारखाच छापला जातो. त्या शर्यतीचे चित्रीकरण पाहिल्याशिवाय त्यावर मत बनवू नये.

सरींचा_गाव

अंजनीसूत यांच्या माहितीत मातीची भर घालावीशी वाटते. आयर्लंडमध्ये टर्फच्या ओलाव्याचे वर्णन गुड, यील्डिंग, सॉफ्ट, हेवी अशा पायऱ्यांनी करतात, आणि यील्डिंग ही पायरी गुड आणि सॉफ्टच्या मधली. ईस्टर कधी मार्चच्या अखेरीस येतो, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तेवढ्या दिवसांत जमीन हेवीपासून गुडपर्यंत कुठेही असू शकते. डिसेंबर-जानेवारीच्या चिखलात सहज जिंकलेला घोडा वाळलेल्या मैदानावर वेगात कमी पडतो; उलट कोरड्या जमिनीवरच्या चपळ घोड्याचे पाय साडेतीन मैलांनंतर चिखलात ओढले जातात. त्यामुळे जी टीप पाऊस पडण्याआधी दिली आणि पावसानंतर बदलली नाही, ती मी बाजूला ठेवते. मैदानावर गेल्यावर सर्वांत आधी त्या दिवसाचे गोइंग, म्हणजे जमिनीचा ओलावा, विचारा आणि मग कार्ड उघडा.

निवृत्त_मास्तर

या सगळ्यात घोड्यांचा विचार कोणी करणार आहे का? या शर्यतींत घोडे जबर जखमी होतात, कधी मरतात. त्यावर भाव आणि जागा मोजत बसणे मला प्रशस्त वाटत नाही.

मीथकर

मास्तर, आक्षेप खरा आहे. इंग्लंडमध्ये एंट्री नावाच्या रेसकोर्सवरील ग्रँड नॅशनलमधील घोड्यांची संख्या २०२४ पासून चाळीसवरून चौतीसवर आणली, ती याच काळजीमुळे. तरी धोका संपलेला नाही. ज्याला ते पाहवत नाही त्याने जाऊ नये, हे मी मोकळेपणाने म्हणेन. मी जातो, पण शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या परेड रिंगपाशी थांबून घोडे पाहिल्याशिवाय पैसे लावत नाही. मानेवर आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आलेला, दोन मोतद्दारांनी दोन्ही बाजूंनी धरूनही आवरत नसलेला घोडा तीन मैल पाच फर्लांगांपैकी बराच दम तिथेच घालवून बसलेला असतो. टीप कोणाचीही असो, असा घोडा मी सोडतो.

ठाणेकर_७७

इथे ठाण्यात बसून या शर्यतींवर पैसे लावता येतील का?

सुलभा_हिशोबनीस

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला, हे खरे. परंतु पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. परदेशी संकेतस्थळावर पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा उरणार नाही.

जुना_टर्फी

करांची तुलनाही पाहण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये २०१९ पासून बुकमेकरने उलाढालीवर दोन टक्के कर भरायचा असतो. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्के झाला. पुण्याच्या रेसकोर्सवर हल्ली माणसांपेक्षा घोडे अधिक दिसतात.

लिफीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे वाचल्यावर बेत बदलला आहे. वीस युरो एखाद्या हँडिकॅप हर्डलमध्ये, सतरा-अठरा घोडे असतील अशा शर्यतीत, दहा ईच-वे. वीस युरो नॅशनलमध्ये, एका नॉव्हिसवर दहा ईच-वे. उरलेले दहा बंपरमध्ये फेव्हरिटवर, म्हणजे निदान घरी जाताना काहीतरी जिंकलेले असेल. नॅशनलचा भाव आजच घेऊन ठेवू का? आज तो घोडा १६/१ आहे.

सुलभा_हिशोबनीस

बंपरचे दहा युरो ठेवून द्या. मीथकर यांनी ४/९ बद्दल जे लिहिले आहे ते तिथे तंतोतंत लागू पडते, आणि ज्या घोड्यांनी मुळात एखाद-दोनच शर्यती धावल्या आहेत त्यांच्यावर इतका कमी भाव घेणे हे समाधानासाठी दिलेले भाडे आहे.

आज भाव घ्यायचा की नाही, हे घोडा धावला नाही तर पैसे परत मिळणार का यावर ठरवा. अंतिम यादी जाहीर होण्यापूर्वी लावलेले पैसे सर्वसाधारणपणे घोडा न धावल्यास बुडतात. काही बुकमेकर परताव्याची हमी देतात, ती शब्दशः तपासून घ्या. यादी जाहीर झाल्यानंतर लावलेत तर घोडा मागे घेतल्यास पैसे परत मिळतात. मात्र दुसराच एखादा घोडा मागे घेतला गेला, तर तुमच्या नफ्यातून कपात होते. ४/१ चा घोडा गेला तर युरोमागे वीस सेंट कापले जातात. १४/१ हून मोठ्या भावाचा गेला तर काहीच नाही.

जुना_टर्फी

पन्नासांतले चाळीसच लावावेत, याला माझेही अनुमोदन. आणि नॉव्हिस निवडताना तो किमान तीन मैल तरी धावलेला असावा, एवढे पाहा. अडीच मैलांवर थाटात जिंकलेले अनेक घोडे शेवटच्या वळणावर चालायला लागतात.

अंजनीसूत

आपला घोडा ओळखायचा तर रंग पाठ करून जा. एकाच मालकाचे चार-पाच घोडे असले की जॉकींचे सदरे सारखेच असतात आणि फक्त टोपीचा रंग वेगळा असतो. जे. पी. मॅकमॅनस यांच्या हिरव्या-सोनेरी पट्ट्यांचे इतके घोडे असतात की लोक भलत्याच घोड्याच्या नावाने ओरडत राहतात.

काळा_घोडा

मी तरी डिलनसारखाच शोधणार. दोनच युरो लावणार आहे, मास्तरांनी रागावू नये.

मीथकर

शेवटचे एक. नॅशनल संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि त्याआधीचा अर्धा तास बुकमेकरांपुढे फार गर्दी होते, तेव्हा भाव पसंत पडला की लवकर लावून टाका. पावती घेतल्यावर तिच्यावरचा घोड्याचा क्रमांक, रक्कम आणि ईच-वे लिहिले आहे ना, हे तिथेच उभे राहून पाहा. शर्यत संपली तरी ती फाडू नका. जॉकींची वजने तपासून झाल्याची घोषणा होईपर्यंत निकाल पक्का नसतो, आणि चौकशी लागून क्रम बदलला, तर फेकलेल्या पावत्या गवतात शोधणारी माणसे मी फेअरीहाऊसला पाहिलेली आहेत.